लोहगडची वाट आणि पवनेचा जलाशय

निगडीच्या वायव्येस, मळवली स्थानकापासून भाजे गावामार्गे लोहगड किल्ल्याखालच्या गायमुख खिंडीत चढणारी आणि विसापूर किल्ल्याला वळसा घालून परतणारी वाट दोन सहस्रकांच्या इतिहासातून जाते, कारण भाजे येथील बौद्ध लेणी, म्हणजे भिक्षूंसाठी खडकात कोरलेली निवास व उपासनास्थाने, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची आहेत. पुरंदरच्या तहाने १६६५मध्ये मोगलांकडे गेलेला लोहगड मराठ्यांनी १६७०मध्ये परत घेतला. विंचूकाटा या त्याच्या माचीवरून, म्हणजे डोंगराच्या लांब, चिंचोळ्या सोंडेवरून, दिसणारा पवना धरणाचा जलाशय मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील असून त्यात पवन मावळातील शेतजमिनी बुडाल्या. हेच पाणी निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पिंपरी-चिंचवडला मिळते. म्हणून ही वाट चालणाऱ्या नगरवासीयाने धरणग्रस्तांचे ऋण स्मरणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.