शॉकअपची कुळकथा

गोंडपिपरीहून वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीकडे, अथवा उलट अंगाने कोठारीवरून बल्लारपुराकडे जाणारा रस्ता ज्याने दुचाकीवर बसून वर्षानुवर्षे तुडविला आहे, त्याला शॉकअप ही वस्तू मनुष्याच्या कंबरेचे रक्षण करण्यासाठीच जन्मास आली असे सांगितले, तर तो ते बिनतक्रार मान्य करील. कारण सागवान-बांबूच्या रानातून जाणाऱ्या त्या डांबरावर अवजड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्या, कडेचा खचलेला मुरूम आणि पावसाळा सरल्यावर उघडी पडलेली गिट्टी यांचा पहिला तगादा कंबरेकडेच येतो. आरंभी वस्तुस्थितीही तशीच होती. परंतु पुढे या वस्तूची आरामाच्या खात्यातून वळणाच्या खात्यात बदली झाली, आणि ती कशी झाली हीच तिच्या कुळाची खरी हकीकत आहे.

1885 साली जर्मनीत गोटलीब डाइम्लर याने जी लाकडी सांगाड्याची मोटारसायकल उभी केली, तिच्या दोन मुख्य चाकांना कसलीही स्प्रिंग नव्हती. इंग्लंडच्या आल्फ्रेड स्कॉट याने 1908 च्या सुमारास पुढच्या चाकास एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क दिला. पण त्यात नुसती स्प्रिंग होती, आणि नुसती स्प्रिंग हा मोठा फसवा आधार आहे. ती धक्का पचवीत नाही. आला तसा जमा करून घेते आणि पुढच्याच क्षणी जवळजवळ सगळा परत करते, त्यामुळे एका खड्ड्यातून गेलेली गाडी दहा-वीस हात पुढेपर्यंत नाचत राहते. या नाचण्यास आवर घालण्यासाठी कातडी वा धातूच्या चकत्या एकमेकींवर घासविण्याची तजवीज बरीच वर्षे चालली. बारीक छिद्रांतून तेल दडपून धक्क्याची उष्णता करून टाकावी, ही युक्ती विक्रीच्या मोटारसायकलीच्या सरकत्या फोर्कात प्रथम आणली ती बीएमडब्ल्यू कंपनीने, 1935 साली, आपल्या आर-12 व आर-17 या गाड्यांवर. स्प्रिंगेचे श्रेय सर्वांस दिसते; ते तेल नळीच्या पोटात असल्याने त्याची वाखाणणी कोणी केली नाही.

मागच्या चाकाचा मामला याहून वादग्रस्त. फिलिप व्हिन्सेंट याने 1928 पासून मागेही स्प्रिंगा बसविल्या होत्या, तरी शर्यतीच्या मंडळींचा त्यांवर विश्वास नव्हता. मागचे चाक लवले की गाडी वळणात शेपूट हलविते, असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्या काळच्या ढिल्या सांध्यांचा विचार करता तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्या आक्षेपाचा निकाल 1935 साली आइल ऑफ मॅन या बेटावर लागला. तेथील टीटी शर्यत बांधीव मैदानात होत नसून गावांतून, दगडी कुंपणांमधून आणि डोंगरावरून जाणाऱ्या सुमारे 60 किलोमीटरांच्या सरकारी रस्त्यावर होते. त्या वर्षीच्या सीनियर शर्यतीत स्टॅन्ली वुड्स याने, मागच्या चाकास स्प्रिंगा असलेल्या इटालियन मोटो गुझीवर बसून, जिमी गथ्री याच्या नॉर्टनला केवळ 4 सेकंदांनी मागे टाकले. एवढ्या चार सेकंदांनी जे सिद्ध केले, ते अभियंत्यांच्या ग्रंथांना साधले नव्हते. पुढे बेलफास्टच्या मॅक्कँडलेस बंधूंनी नॉर्टनसाठी नवा सांगाडा रचला, त्याच्या मागच्या चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या लवत्या दांड्यांना, तेलाचे उभे शॉकअप दिले, आणि 1950 साली जेफ ड्यूक याने सीनियर शर्यत जिंकली तेव्हा सीनियर व ज्युनियर अशा दोन्ही शर्यतींतील पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनकडेच गेले.

यामागचे गणित असे. गाडी 45 अंशांत कलली की वजन आणि वळणाचा बाहेरचा ओढा मिळून शॉकअपवर उभ्या स्थितीच्या सुमारे 1.4 पट भार पडतो. तेवढ्याने तो बराच दबून बसलेला असतो, आणि त्यातच खड्डा आला की उरलेल्या थोड्या अंतरात त्याला तो गिळावा लागतो. गिळता आला नाही तर टायर क्षणभर जमीन सोडतो, आणि अधांतरी टायरला गाडी वळविण्याचा कोणताही अख्तियार नसतो. स्प्रिंग फार कडक असली तर चाक उड्या मारते, फार मऊ असली तर गाडी वळणातच बसकण मारते. पैकी मागची बाजू बसली की पुढचे चाक हलके होऊन गाडी वळणाच्या बाहेर, म्हणजे आपल्याकडे डाव्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिशेने, सरकू लागते.

आपल्या देशात ही विद्या आयत्या गाड्यांबरोबर आली. मागे लवणारा चिमटा घेऊन 1949 साली विलायतेत विक्रीस आलेली बुलेट 1955 पासून मद्रासेस एनफील्ड इंडियाच्या नावाने होऊ लागली, आणि 1961 पासून म्हैसुरास जावा. महाराष्ट्राचा वाटा वाहनाच्या अवयवांतही दिसतो: 1961 साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाने मुंबईच्या मुलुंडात शॉक ॲब्सॉर्बर बनविण्यास आरंभ केला. या नावाचे मूळ अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील, मोटारींचे भोंगे करणाऱ्या एका कारखान्यात आहे. भोंग्याच्या घराण्यातून शॉकअप निपजावा, ही वंशावळ कोणाही भाटास मोहात पाडील. 1985 साली औरंगाबादेत एन्ड्युरन्स कंपनीच्या कारखानदारीचा पाया पडला, आणि आज नाशिक, वाळूज, चाकण येथील नळ्या-स्प्रिंगा देशभरच्या दुचाकींखाली आहेत.

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी त्या दुचाकी येतात तेव्हा त्यांच्या नशिबी तांदळाची दोन पोती, पाठीमागे एक माणूस आणि टाकीवर एक मूल असा लवाजमा असतो. तरुणांची हौस निराळी. त्यांना बाहेर डबी लटकविलेला, सोनेरी रंगाचा गॅसचा शॉकअप हवा असतो, आणि तो बसविला म्हणजे गाडी वळणात आपोआप चिकटेल अशी त्यांची श्रद्धा असते. तेथील मिस्त्रीचा सल्ला मला अधिक शास्त्रशुद्ध वाटतो: "भाऊ, पयले तेल बदलवा, बुश पाहा, मंग शॉकअपचं बोलू." गाडी मधल्या स्टँडवर घेऊन तो मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवितो, कट्-कट् असा आवाज आला की चिमट्याचा बुश झिजला असे समजावे. मग पुढचे चाक अधांतरी करून फोर्क मागे-पुढे ढकलतो, म्हणजे कोन सेटची, अर्थात हँडलच्या बेअरिंगची, ढिलाई हाताला लागते. शेवटी फोर्काच्या तळाचा बोल्ट काढून तो तेल उतरवितो. कित्येक वर्षे न बदललेले ते तेल काळेकुट्ट आणि पाण्यासारखे पातळ निघते, त्याला घाण वास असतो. ठरल्या मापाचे, थोडे घट्ट तेल दोन्ही नळ्यांत समसमान भरले की साध्या गाडीची चालही वळणात पालटते. मात्र नुसत्या छिद्रांचा फोर्क संथ दबावाला फार सैल आणि अचानक ठोकरीला फार ताठ असतो, म्हणून घट्ट तेलाचा अतिरेक केला तर गिट्टीवर हँडल हातातून सुटू पाहते.

सुधारणेचा दुसरा स्वस्त मार्ग मोजपट्टीचा. मालक नेहमीच्या ओझ्यानिशी बसला असता पुढची बाजू एकंदर चालीच्या, म्हणजे दबण्याच्या पूर्ण अंतराच्या, सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश दबावी. 120 मिलिमीटर चालीच्या फोर्कात म्हणजे 30 ते 40 मिलिमीटर. एवढे जमत नसेल तरच आपल्या वजनाला जुळणारी स्प्रिंग घ्यावी, आणि गॅसच्या शॉकअपचा खर्च त्याच्याही पुढचा. मागच्या शॉकअपला मात्र बहुधा खाचांची रिंग असते. पोती लादताना ती कडक खाचेवर नेण्याची दक्षता पुष्कळ जण घेतात. पोती उतरल्यावर ती पुन्हा मऊ करण्याचा शिरस्ता क्वचितच आढळतो, आणि मग एकटा स्वार त्याच कडक शॉकअपवर आष्टीच्या वळणाला लागतो, मागचे चाक गिट्टीवर टणाटण उडते, आणि दोष सरसकट रस्त्याच्या नावे मांडला जातो. रस्त्याचा दोष असतोच. रिंग फिरविण्याचा वाकडा पाना मात्र बहुधा गाडीबरोबरच आलेला असतो, आणि कामही पाच मिनिटांचे असते.