फुप्फुसाचा कर्करोग : दुसऱ्या टप्प्यातील उपचार

फुप्फुसाच्या कर्करोगावरील पहिली औषधे निष्प्रभ ठरल्यावर दिले जाणारे उपचार. ते ठरवण्यापूर्वी गाठीचा तुकडा पुन्हा तपासणे फार मोलाचे असते, कारण औषधाच्या माऱ्यातून तगलेल्या पेशी मूळच्यासारख्या राहतातच असे नाही. ईजीएफआर जनुकातील बदलामुळे झालेल्या रोगात हे स्पष्ट दिसते. जेफिटिनिब वा एर्लोटिनिब या गोळ्यांचा परिणाम ओसरतो, तेव्हा सुमारे निम्म्या रुग्णांत टी७९०एम हा नवा बदल आढळतो. त्यावर ओसिमर्टिनिब लागू पडते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळीने रोगाची वाढ १०.१ महिने (मध्यक) रोखली, केमोथेरपीने ४.४ महिने. आता हेच औषध बहुधा सुरुवातीलाच दिले जाते, त्यामुळे पुढचा मार्ग निवडणे अधिक कठीण झाले आहे. काही गाठी तर लघुपेशी कर्करोगात बदलतात आणि त्यांना वेगळीच केमोथेरपी लागते. तुकडा काढणे शक्य नसल्यास रक्तातून गाठीचा डीएनए तपासतात. मात्र त्यात बदल न सापडणे म्हणजे तो नाहीच, असे नव्हे.

असे जनुकीय बदल नसलेल्यांसाठी डोसेटॅक्सेल हे जुने औषध आजही वापरात आहे. २०१५ पासून निवोलुमॅबसारखी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे आली. ती पूर्वी दिलेली नसतील तर त्यांचा विचार होतो.

वेदना व धाप कमी करणारी परिहारक सेवा शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवू नये. २०१० च्या बोस्टनमधील अभ्यासात ती निदानानंतर लगेच मिळालेले रुग्ण अधिक काळ जगले.