घरच्या घरी चेहऱ्याला वाफ: कोणत्या त्वचेला किती मिनिटे?

लग्नसराई जवळ आली की घरोघरी पातेल्यात पाणी तापते आणि डोक्यावर टॉवेल येतो. पार्लरचा खर्च वाचतो, हे खरेच. पण एकाच घरातल्या मायलेकींना एकच माप लागू पडेल असे नाही. त्वचा बदलली की वेळही बदलतो.

वाफेने नेमके काय होते?
वाफेने रंध्रे ‘उघडतात’ असे सर्रास म्हणतात, पण रंध्रांना काही दार नसते. उष्णता आणि ओलाव्याने त्वचेचा वरचा थर मऊ पडतो, अडकलेले तेल सैल होते आणि काळे ठिपके निघायला सोपे जातात. रक्तपुरवठा वाढल्याने चेहरा थोडा वेळ टवटवीत दिसतो. वाफेने कायमचा रंग मात्र उजळत नाही.

आपली त्वचा कशी ओळखायची?
चेहरा धुऊन, काहीही न लावता अर्धा तास थांबा. सगळीकडे तेल आले तर तेलकट, चेहरा ओढल्यासारखा वाटला तर कोरडी आणि फक्त कपाळ-नाक-हनुवटी चमकली तर मिश्र त्वचा.

त्वचेनुसार वेळ
• तेलकट: ७ ते ८ मिनिटे, आठवड्यातून एकदा.
• मिश्र: ५ मिनिटे, आठवड्यातून एकदा.
• कोरडी: ३ ते ४ मिनिटे, पंधरा दिवसांतून एकदा. नंतर मॉइश्चरायझर हवेच.
• नाजूक, लगेच लाल होणारी: वाफ टाळा. फार तर कोमट पाण्यात पिळलेला पंचा मिनिटभर ठेवा.

हवामानही पाहा. गोव्याच्या दमट हवेत चेहरा आधीच चिकट असतो. इंदूर, ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत जास्त वाफ घेतली तर त्वचा आणखी फुटते.

वाफ कशी घ्यायची?
१. आधी चेहरा धुवा, केस मागे बांधा.
२. पाणी उकळून गॅस बंद करा. पातेले (कुठे टोप, कुठे भगोने) टेबलावर पक्के ठेवा आणि दोन मिनिटे थांबा.
३. चेहरा पाण्यापासून किमान एक वीत वर, डोळे मिटलेले. चटका जाणवला की लगेच बाजूला व्हा.
४. नंतर कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्या, घासू नका. ओलसर असतानाच क्रीम लावा.

साधे पाणी पुरते. लिंबू, बाम, निलगिरी तेल घातले म्हणून जास्त फायदा होत नाही. उलट डोळे आणि त्वचा चुरचुरते.

कोणी घेऊ नये?
पू भरलेले किंवा सुजलेले मुरूम, इसब, उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर वाफ नको. वांग असलेल्यांनीही जपावे, कारण उष्णतेने डाग गडद होऊ शकतात. दुकानातून परस्पर आणलेल्या ‘गोरेपणाच्या’ क्रीममध्ये स्टेरॉईड असेल, तर त्वचा पातळ झालेली असते. अशांनी वाफेऐवजी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

खरा धोका भाजण्याचा
मांडीवर किंवा पलंगावर पातेले ठेवून वाफ घेणे सर्वांत घातक. जरासा धक्का लागला तरी उकळते पाणी पोटावर-मांडीवर सांडते. लहान मुले जवळ असताना तर वाफ घेऊच नये. भाजलेच तर अंगठ्या-बांगड्या आणि ओले कपडे लगेच काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. जागा २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका. फोड मोठे असतील, चेहरा भाजला असेल किंवा मूल असेल, तर थेट दवाखाना.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिलाच प्रयोग करू नये. दोन-तीन दिवस आधी घ्यावी, म्हणजे लाली आली तरी उतरायला वेळ मिळतो.