पेट्रोल पंपावरील पाहुणचार

साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीकाठी, घोडबंदर नावाचे जुने गाव आहे. हल्ली ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते आणि नव्या इमारतींच्या दाटीत त्याचे गावपण शोधावे लागते. परंतु नावाने आपला इतिहास सोडलेला नाही. पोर्तुगीजांच्या अमदानीत अरब व्यापाऱ्यांचे घोडे या धक्क्यावर उतरत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. १७३७ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी येथील किल्ला घेतला. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. राज्ये पालटली, पण वांद्र्यापासून निघणाऱ्या सडकेस लोक घोडबंदर रस्ताच म्हणत राहिले. तिच्या दक्षिणेकडील भागास पुढे स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले. ठाण्याकडून येणारी सडक मात्र अद्यापि तेच जुने नाव धारण करून आहे. ज्या रस्त्याच्या नावात घोडा आहे त्या रस्त्यावर आज रात्रंदिवस मोटारी धावतात, आणि त्यांना दाणापाणी पुरविणाऱ्या पेट्रोल पंपांची कहाणी खरे पाहता घोड्यापासूनच सुरू होते.

घोडा किंवा बैल जुंपलेल्या वाहनाचा प्रवास टप्प्याटप्प्यांचा असे. टांगेवाला वाटेत थांबे तो केवळ पाणी पाजण्याकरिता नव्हे. नाल ढिला झाला आहे काय, पट्ट्याखालचे कातडे सोलवटले आहे काय, चाकाला वंगण हवे काय, हेही तो पाहून घेई. मुंबई शहरात दानशूर शेटसावकारांनी ठिकठिकाणी प्याऊ बांधले, त्यांना माणसांकरिता वरती तोट्या आणि जनावरांकरिता खालच्या अंगास हौद असत. यांपैकी काही दगडी प्याऊ आजही उभे आहेत. वाटसरूस पाणी देणे हे पुण्याचे काम आणि त्याच्या जनावरास पाणी देणे हाही त्याच पुण्याचा भाग, अशी ती समजूत होती. मोटार आली तेव्हा ती या समजुतीच्या मुलखात आली, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

आली तेव्हा मात्र तिच्या अन्नाची सोय कोठेच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पहिल्या मोटारी दिसू लागल्या, १९११ पासून भाड्याच्या मोटारी म्हणजे टॅक्सी धावू लागल्या आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. आरंभीच्या काळात पेट्रोल विकले जाई ते डब्यांतून. घासलेटाच्या डब्याशी तर मराठी घराची ओळख त्याहूनही जुनी. घासलेट हा शब्द गॅसलाइट या शब्दावरून आणि रॉकेल हा रॉक ऑइलवरून आला, असे मानतात. चार गॅलनांचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरांचा, तो चौकोनी पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावर पाणी भरण्यास, धान्य मापण्यास, तुळस लावण्यास आणि शेवटी पत्रा ठोकून झोपडीचे छप्पर शाकारण्यास उपयोगी पडे. तेलाच्या इतिहासात मोठमोठ्या जहाजांची वर्णने येतात. १८९२ साली मार्कस सॅम्युएल याचे म्युरेक्स हे जहाज टाक्यांत घासलेट भरून सुवेझच्या कालव्यातून पूर्वेकडे निघाले, ही घटना त्यात ठळकपणे नोंदलेली असते. परंतु आपल्याकडील सामान्य घरात तेलाचे युग अवतरले ते या डब्याच्या रूपाने.

डब्यातून मोटारीत पेट्रोल ओतताना ते सांडे, उडून जाई, आणि जवळ कोणी विडी ओढत असेल तर भडका उडे. यावरचा तोडगा अमेरिकेत निघाला. इंडियाना संस्थानातील फोर्ट वेन येथील सिल्व्हेनस बाउझर या गृहस्थाने १८८५ साली एका किराणा दुकानदाराकरिता घासलेट उपसण्याचा पंप तयार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच यंत्राचा उपयोग मोटारींकरिता होऊ लागला. पुढे या पंपाच्या माथ्यावर काचेचे उंच नळकांडे बसविण्यात आले, आणि जुन्या पंपांच्या आठवणी काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो बहुधा हाच पंप.

त्याची रीत मोठी प्रेक्षणीय होती. ग्राहकाने “दोन गॅलन” म्हणावे, नोकराने लोखंडी दांडा मागेपुढे ओढण्यास सुरुवात करावी, आणि रंगीत पेट्रोल फेसाळत काचेच्या नळकांड्यात चढू लागावे. काचेवर मापाच्या खुणा असत. पेट्रोल खुणेस टेकले की दांडा थांबे, तोटी उघडे, आणि वरचे पेट्रोल आपल्याच वजनाने नळीवाटे मोटारीच्या टाकीत उतरे. मोटारीतील मुले तोंड वर करून ते पाहत. वीज नाही, आकडे फिरविणारी चक्रे नाहीत. माप होते ते सर्वांच्या डोळ्यांदेखत. जेथे वीज पोहोचली नव्हती तेथे हाताने चालणारे असे पंप स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे टिकून राहिले. विक्रीच्या यंत्रात ग्राहकाच्या शंकेलाही जागा करून द्यावी, ही कल्पना त्या काचेत होती. पुढील सुधारणांत यंत्र अचूक झाले, पण काच गेली.

पंपावरील पाहुणचाराची कारणे दोन, आणि दोन्ही भावनेपेक्षा व्यवहाराची. पहिले कारण खुद्द मोटार. त्या काळचे इंजिन तेल पिई, रेडिएटरमधील पाणी उकळून वाफ होई, चाकांच्या ट्यूबांतून हवा झिरपे, बॅटरीस ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे. शे-दीडशे मैलांच्या प्रवासात या चार गोष्टी एकदाही न पाहणे म्हणजे रस्त्यात अडकून पडण्याची तयारी ठेवणे. ठाण्याकडून गायमुखचा चढ चढून घोडबंदरकडे उतरणाऱ्या जुन्या गाडीचे झाकण उघडले की वाफेचा लोट उठे. फडके हाती गुंडाळून रेडिएटरचे बूच जरा जरा फिरवून काढण्यात मुरलेल्या माणसाचे कसब दिसे. तेलाची पट्टी बाहेर काढून, पुसून, पुन्हा बुडवून ती मालकास दाखविणे, हा तर जवळजवळ विधीच होता.

दुसरे कारण कंपन्यांची चढाओढ. १९२८ साली बर्मा-शेल, १९३३ साली स्टँडर्ड-व्हॅक्यूम आणि पाठोपाठ काल्टेक्स, अशा परदेशी कंपन्या या देशाच्या बाजारात उतरल्या. एकाचे पेट्रोल दुसऱ्याच्या पेट्रोलाहून फारसे निराळे नसते, हे त्या ओळखून होत्या. मग गिऱ्हाईक टिकवावयाचे कशाने? स्वच्छ गणवेशाने, पुसलेल्या काचेने, मोफत हवेने आणि रस्त्यांच्या नकाशांनी. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था मोटारवाल्यांना वाटा दाखवीत होत्याच; पंपावरील माणूस त्या ज्ञानात पुढच्या नाल्यास पाणी किती आहे, याची ताजी भर घाली. हा पाहुणचार अर्थातच मूठभरांचा होता. ज्याच्या दारी मोटार त्याचीच काच पुसली जाई. पुसणाऱ्याच्या घरी बहुधा सायकलदेखील नसे. आठवणींत ही बाजू फारशी येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा सगळा थाट ओसरला. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले, कुपनाशिवाय थेंबही मिळेना, आणि पाठीमागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर धापा टाकीत चालू लागल्या. स्वातंत्र्यानंतर तुर्भे येथे १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. गॅलन जाऊन लिटर आले. १९५९ साली सरकारी इंडियन ऑइल कंपनी निघाली. १९७४ साली एस्सोचे आणि १९७६ साली बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण झाले, काल्टेक्सही लवकरच त्याच वाटेने गेली. फलकांवर हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ही नावे झळकली. दर सरकार ठरवी, आणि पंप गरजेच्या मानाने थोडे. रांगेत उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकास रिझविण्याचे विक्रेत्यास कारण उरले नाही. पाहुणचार आटला तो या काळात, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही तो एकदम नाहीसा झाला नाही. फियाट आणि अॅम्बॅसेडर या गाड्या जुन्याच घडणीच्या असल्यामुळे त्यांना पाणी व तेल लागतच होते. स्कूटरचे तर इंजिनच असे की पेट्रोलमध्ये वंगण मिसळल्यावाचून ते चालू नये. पंपावरचा पोऱ्या छोट्या मापाने तेल ओती आणि स्कूटरस्वार गाडी डावी-उजवीकडे हलवून ते मिश्रण ढवळी. १९८३ च्या अखेरीस मारुती आली, तिच्या मागोमाग बंदिस्त शीतक, ट्यूबविरहित टायर आणि हजारो किलोमीटर तेल न मागणारी इंजिने आली. मोटारच स्वावलंबी झाल्यावर सेवकाजवळ करावयास उरले काय?

जुन्या दिवसांची ओढ मनुष्यास आंधळे करते, म्हणून दुसरे पानही उलटावयास हवे. घासलेट स्वस्त आणि पेट्रोल-डिझेल महाग, या तफावतीतून भेसळीचा मोठा धंदा उभा राहिला. सरकारने शिधापत्रिकेवरील घासलेट निळे रंगविले, पंपावर गाळणकागद आणि पाच लिटरांचे शिक्कामोर्तब केलेले माप ठेवणे सक्तीचे केले. ग्राहकास ती मागण्याचा हक्क आहे, जरी मागणारा विरळा. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडावयास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळून मारण्यात आले. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात अनेक पंपांवर छापे घातले, तेव्हा मापाच्या यंत्रात चोरून बसविलेल्या चिपा सापडल्या. आकडा बरोबर आणि पेट्रोल कमी, अशी ती करामत. काचेचे नळकांडे गेले त्याची किंमत येथे कळते.

आणि सेवकाच्या श्वासाचे काय? १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात असे. भारतात ते २००० साली बंद झाले. पेट्रोलमधील बेंझीन कर्करोगास कारण होते, हे आता निर्विवाद आहे. त्या सुखद आठवणींतील हसतमुख माणूस आठ-आठ तास त्याच वाफेत उभा असे.

अमेरिकेत हा माणूस जवळजवळ नामशेष झाला आहे. १९४७ साली लॉस एंजेलिस येथे ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरावे असा पंप निघाला आणि स्वस्ताईच्या बळावर ती रीत देशभर पसरली. न्यू जर्सी संस्थानाने मात्र १९४९ साली कायदा करून ती रोखली. कारण सुरक्षिततेचे सांगितले गेले. खरा रोख दर पाडणाऱ्या एका पंपवाल्याविरुद्ध होता, असे तेथील इतिहास सांगतो. ऑरेगनने १९५१ साली घातलेली बंदी २०२३ साली उठविली. जपानने १९९८ साली स्वयंसेवेस परवानगी दिली. आपल्याकडे उलटे झाले आहे: सेवा गेली, सेवक राहिला. मजुरी स्वस्त असल्याचा हा परिणाम, त्यात फारसे भूषण नाही.

मीरा-भाईंदर हे या सर्व स्थित्यंतरांचे जणू उघडे दालन आहे. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. मिठागरे आणि भातखाचरे असलेल्या खेड्यांतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग गेला, आणि काशीमिऱ्याचा परिसर वाहनांच्या वर्दळीचे ठिकाण बनला. गुजरातेकडे जाणारा मालमोटारीचा चालक येथील पंपावर आजही डिझेलबरोबर आणखी काही मागतो: तोंड धुण्यास पाणी, शौचालय, तासभर झोपेपुरती सावली. जुन्या पाहुणचाराचा अंश शिल्लक असेल तर तो याच गिऱ्हाइकाकरिता आहे. मोटारवाल्यास “झीरो पाहा, साहेब” एवढेच वाक्य ऐकू येते. सीएनजीच्या पंपापुढे रिक्षांची रांग लागते. नळी जोडण्यापूर्वी उतारूंना खाली उतरविले जाते, आणि पाच मिनिटे अनोळखी माणसे रस्त्याच्या कडेस एकत्र उभी राहतात. “हवा मोफत” हा फलक बहुतेक पंपांवर असतो. हवा भरणारा जागेवर असतोच असे नाही.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या गाड्यांकरिता भारणकेंद्रे होऊ लागली आहेत. तेथे गाडीवाला स्वतः उतरतो, जाड तार ओढून गाडीस जोडतो, भ्रमणध्वनीवरून पैसे भरतो आणि गाडी भरेपर्यंत आत बसून राहतो. काच पुसलेली हवी असेल तर फडके घरूनच आणावे लागते.