कामगार नुकसानभरपाई कायद्यातील अपिलाची तरतूद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : औद्योगिक अपघातात जायबंदी वा मृत झालेल्या कामगाराच्या भरपाईचा प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या दीर्घ प्रक्रियेबाहेर सोडविणे हा या कायद्याचा मूळ हेतू होय. १८९७ च्या ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर १९२३ मध्ये संमत झालेला हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. निवाड्याचे अधिकार आयुक्ताकडे सोपविण्यात आले.

अपिलाच्या अटी : आयुक्ताच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट कलम ३० ने अरुंद ठेवली. भरपाईच्या आदेशावरील अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला असावा, वादातील रक्कम किमान ३०० रुपये असावी आणि अपील ६० दिवसांत दाखल व्हावे, अशा अटी होत्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दुसऱ्या अपिलात अशी अट १९७६ च्या दुरुस्तीने आली, हे येथे लक्षणीय ठरते.

रॉयल कमिशन ऑन लेबरच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार मालकाने आदेशित रक्कम आयुक्ताकडे जमा केल्याचे प्रमाणपत्र अपिलासोबत जोडणे अनिवार्य झाले. त्यामुळे केवळ वेळकाढूपणासाठी अपील करण्याच्या प्रवृत्तीस आळा बसला. मात्र अपील प्रलंबित असताना ही रक्कम रोखून ठेवण्याची मुभाही कलम ३०-अ ने दिली. म्हणजे पैसा सुरक्षित झाला, तरी तो कुटुंबाच्या हाती लगेच पडेलच असे नव्हते.

दुधारी तरतूद : वस्तुस्थितीबाबत आयुक्ताचा निष्कर्ष अंतिम असतो, पुराव्याची फेरतपासणी उच्च न्यायालयाने करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणात याचा लाभ कामगारांना झाला. परंतु अपघात कामाच्या ओघात घडला नाही, असा निष्कर्ष आयुक्ताने काढल्यास मृताच्या विधवेलाही तीच अट आडवी येते. साक्षीदार मिळविणे ज्या पक्षाला अधिक कठीण, त्याच्या दृष्टीने पहिली सुनावणीच बहुधा अखेरची ठरते.

निष्कर्ष : ३०० रुपयांची मर्यादा २०१७ मध्ये १०,००० रुपये झाली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही, जी २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली, कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नाची अट कायम ठेवली. अपिलाचे दार अरुंद ठेवल्याने न्याय शीघ्र होतो, हे खरे; तथापि तो न्याय्यही व्हावयाचा असेल, तर आयुक्तासमोरील पहिल्याच सुनावणीत कामगाराला सक्षम कायदेशीर साहाय्य मिळणे अगत्याचे आहे.