तिसऱ्या पाटीचा इतिहास

गृहस्थाच्या घरांत एखादें नवें यंत्र आलें म्हणजे जुन्या यंत्रांशीं त्याचा वाटणीचा तंटा सुरू होतो. खिशांत मोबाइल आहे, टेबलावर लॅपटॉप आहे. मग त्या दोहोंच्या मधली कांचेची पाटी, जिला टॅबलेट म्हणतात, ती विकत घ्यावी काय, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो. हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हे. महिन्याच्या मिळकतींतून हजारों रुपये बाजूला काढावयाचे, आणि वर्षभरानें ती वस्तु कपाटांत धूळ खात पडलेली पाहावयाची, हा अनुभव कोणासहि सुखाचा नाहीं. परंतु या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे, व तो जाहिरातीहून अधिक प्रामाणिक सल्ला देतो.

ही कल्पना प्रथम मुलांसाठीं जन्मास आली. अमेरिकेंत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत ॲलन के नांवाचे शास्त्रज्ञ होते. सर्व वयांच्या मुलांसाठीं वैयक्तिक संगणक कसा असावा, यावर त्यांनीं १९७२ सालीं एक निबंध लिहिला. त्या कल्पित यंत्रास त्यांनीं ‘डायनाबुक’ असें नांव दिलें. आकार वहीएवढा, वजन ४ पौंडांहून कमी, आणि किंमत ५०० डॉलरांच्या आसपास! ज्या काळीं पुष्कळ संगणकांना स्वतंत्र दालन लागे, त्या काळीं हें मनोराज्यच होतें. परंतु के यांची दृष्टि निव्वळ वाचनापुरती नव्हती. मुलानें त्या पाटीवर चित्र काढावें, सूर जुळवावे, स्वतः आज्ञावली रचावी, असा त्यांचा हेतु होता. पाटी कशासाठीं, याचें उत्तर त्यांच्यापाशीं पाटीच्या आधीं तयार होतें. डायनाबुक मात्र पुठ्ठ्याच्या नमुन्यापलीकडे गेलें नाहीं.

पुढें यंत्रें आलीं. पण उत्तर हरवलें. १९८९ सालीं ‘ग्रिडपॅड’ नांवाची पाटी बाजारांत आली. ती जड होती, महाग होती. तरी उभ्याउभ्या तक्ते भरणाऱ्या व मालाची मोजदाद करणाऱ्या माणसांना ती उपयोगी पडली. कारण त्यांना टेबलहि नव्हतें व खुर्चीहि नव्हती. १९९३ सालीं ॲपल कंपनीनें ‘न्यूटन’ काढला. मनुष्याचें हस्ताक्षर आपण वाचूं, अशी त्याची प्रतिज्ञा होती. पण प्रारंभींच्या न्यूटननें अक्षरांचे असे कांहीं अर्थ लावले कीं, वृत्तपत्रांतील व्यंगचित्रकारांना आयताच विषय मिळाला. १९९८ सालीं तो बंद करण्यांत आला.

या अपयशाच्या काळांतच एका मनुष्यानें योग्य प्रश्न योग्य रीतीनें विचारला. ग्रिडपॅडच्या निर्मितींत प्रमुख भाग घेतलेले जेफ हॉकिन्स हे पुढें खिशांत मावणारें एक यंत्र करूं पाहत होते. तें बनविण्यापूर्वीं त्यांनीं लांकडाचा एक ठोकळा कापून घेतला व तो सदऱ्याच्या खिशांत घालून ते हिंडूं लागले. कोणी भेटीची वेळ विचारली कीं ठोकळा बाहेर काढावा, काडीनें त्यावर टिचक्या मारावयाच्या, आणि जणूं वेळापत्रक पाहिलें असें समजावें. लोक हंसले असतील. पण कोणत्या प्रसंगीं हात आपोआप खिशाकडे जातो व कोणत्या प्रसंगीं जात नाहीं, हें त्या निर्जीव ठोकळ्यानें स्पष्ट दाखविलें. १९९६ सालीं ‘पायलट’ हें त्यांचें यंत्र विक्रीस आलें, तेव्हां त्याच्या पुढील भागावर मुख्य कामांच्या चारच कळी होत्या: दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी व टिपणें. टेबलावरच्या संगणकाची जागा घेण्याची त्याची ईर्षा नव्हती. एका बैठकीवर त्यास ठेवून कळ दाबली कीं दोन्ही यंत्रांतील नोंदी एक होत. थोरल्या भावाचें काम हिरावून न घेतां धाकट्यानें आपलें काम संभाळावें, असा तो संसार होता, आणि तो यशस्वी झाला.

२००२ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें उलट मार्ग धरला. संपूर्ण संगणकच पाटीवर आणावा व त्यास लेखणी जोडावी, अशी ती योजना होती. रुग्णालयांत किंवा क्षेत्रावर हिंडून काम करणाऱ्यांस ती मानवली. घरगुती ग्राहकानें मात्र विचारलें, “लॅपटॉप जें करतो तेंच हा करणार, तर अधिक पैसे कशाचे?” या प्रश्नास उत्तर मिळालें नाहीं.

मग २७ जानेवारी २०१० हा दिवस उगवला. सॅन फ्रान्सिस्को येथें स्टीव्ह जॉब्स यांनीं ‘आयपॅड’ लोकांपुढें मांडला, तेव्हां ग्राहकाच्या मनांतील शंका त्यांनीं स्वतःच प्रथम बोलून दाखविली. पडद्यावर एका बाजूस फोन, दुसऱ्या बाजूस लॅपटॉप, आणि मध्यें प्रश्नचिन्ह! कांहीं ठराविक कामें या दोहोंहून सरस करतां आलीं तरच तिसऱ्या साधनाला जगण्याचा अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाचन, चित्रें, चलच्चित्रें, संगीत, पत्रव्यवहार, खेळ हीं तीं कामें. ९.७ इंचांचा पडदा, सुमारें ६८० ग्रॅम वजन, ४९९ डॉलर किंमत. विक्री सुरू होतांच पहिल्याच दिवशीं तीन लाखांहून अधिक पाट्या खपल्या.

परंतु याच तर्कांत पुढील उतरणीचें बीज होतें. २०१३ च्या आर्थिक वर्षांत आयपॅडची विक्री सुमारें ७ कोटी १० लाखांवर पोंचली. २०१६ पर्यंत ती सुमारें साडेचार कोटींवर उतरली. पाटी बिघडली नव्हती. शेजारी बदलले होते. २००७ सालच्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता. २०१४ सालीं त्याच घराण्यांतील एका फोनचा पडदा साडेपांच इंचांचा झाला. दुसरीकडे लॅपटॉप हलके व पातळ होत गेले. मधली जागा दोन्ही बाजूंनीं आक्रसली. शिवाय घेतलेली पाटी घरांत वर्षानुवर्षें चाले. फोनाप्रमाणें ती वारंवार बदलण्याची गरज कोणास भासेना.

हिंदुस्थानांत हा प्रश्न निराळ्या रूपानें आला. येथें अनेक विद्यार्थ्यांपाशीं पहिलेंहि साधन नव्हतें. म्हणून पाटी हीच पहिली व्हावी, असा विचार निघाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं नवी दिल्लींत मंत्री कपिल सिब्बल यांनीं ‘आकाश’ टॅबलेटचें उद्घाटन केलें. सरकारास तो सुमारें २,२७६ रुपयांस पडत होता. पण पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शास दाद देईना, यंत्राची गति मंद, विजेरी लवकर संपे. पुढें हें काम पवई येथील आयआयटीकडे आलें व २०१२ सालीं सुधारलेली आवृत्ति निघाली. स्वस्त वस्तु घेतांना वापराचा त्रास हाहि किंमतीचाच भाग असतो, हा धडा आकाशनें दिला. २०१५ सालीं मुंबई महानगरपालिकेनें आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. तेथें काम आधीं ठरलें होतें: दप्तराचें ओझें कमी करणें.

२०२० सालीं महामारीनें शाळा बंद पाडल्या, तेव्हां या वादास अकस्मात् नवा रंग चढला. घरांत फोन एक, आणि शिकणारीं मुलें दोन. फोन घेऊन वडील कामावर गेले कीं वर्गच बंद! अशा घरांत टॅबलेट हें तिसरें साधन नव्हतें. तें दुसऱ्या मुलाचें पहिलें साधन होतें.

पन्नास वर्षांच्या या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. पाटी चांगली कीं वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. असलेल्या साधनांनीं कोणतें काम अडतें, व तें रोज अडतें कीं सणावारीं, हें प्रथम पाहावें. ज्याला लिखाण पुष्कळ, त्यास कळफलक जोडल्यावाचून पाटी पुरत नाहीं. आणि तो जोडला कीं खर्च लॅपटॉपच्या जवळ जातो. ज्याला लहान अक्षर दिसत नाहीं, ज्याला बिछान्यावर पडून ग्रंथ वाचावयाचा आहे, ज्याला चित्र काढावयाचें आहे, त्याची गोष्ट वेगळी. ज्याचा निश्चय होत नसेल, त्यानें दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं पाटीएवढी एक वही पंधरा दिवस घरांत जवळ बाळगावी, व आपला हात तिच्याकडे किती वेळां जातो तें मोजावें. लांकडाच्या ठोकळ्याला बॅटरी लागत नाहीं, आणि तो ग्राहकाला काय हवें तें खरें सांगतो.