गोठ्यातील ढोस ते घरातील गोळी : घरगुती पशूपचाराच्या इतिहासातील जबाबदारीचा प्रश्न

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा वैद्य, ग्रंथ, रुग्णालये व संशोधनसंस्था यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. पशुवैद्यकाचा इतिहासही यास अपवाद नाही. तथापि पाळीव जनावराच्या बाबतीत एक वस्तुस्थिती दृष्टिआड होते. औषध कोणीही सांगितलेले असो, ते जनावराच्या पोटात जाते मालकाच्या हातून आणि मालकाच्या दारात. दिवसांतून दोनदा ढोस पाजणे, जखमेवर लेप लावणे, मांजराच्या जबड्यात गोळी सरकवणे ही कामे गोठ्यात, अंगणात किंवा स्वयंपाकघरात होतात. शिवाय औषध घेणारा रुग्ण मुका असतो. त्यास कडू लागले, जास्त झाले, उलटले, हे तो सांगू शकत नाही. म्हणून औषध देणाऱ्या हाताची जबाबदारी येथे अधिक वाढते. ही जबाबदारी निरनिराळ्या काळांत कोणावर होती व आज ती कोठे येऊन थांबली आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक क्रमाने करावयाचा आहे.

प्राचीन परंपरा : राजाची सेवा आणि वैद्याचा दंड

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा अशा दोन चिकित्सांचा एकत्र उल्लेख आहे. दोघांना उपयुक्त असलेल्या औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून त्यांची लागवड केल्याचे त्यात नमूद आहे. शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सेची, तर पालकाप्याच्या नावाने गजचिकित्सेची परंपरा चालत आली. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९४ मध्ये छापून प्रसिद्ध केला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब होय. 'सालोत्री' हा पशुवैद्यवाचक शब्दही शालिहोत्राच्याच नावावरून रूढ झाला.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा विचार कौटिलीय अर्थशास्त्रात आढळतो. अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात असे सांगितले आहे की, उपचारातील किंवा औषधातील दोषामुळे घोड्याचा रोग बळावल्यास उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड करावा आणि त्याच कारणाने विपरीत परिणाम झाल्यास जनावराच्या किमतीइतका दंड करावा. हाच नियम गाई, म्हशी, शेळ्या व मेंढ्या यांनाही लावला आहे. म्हणजे चुकीच्या औषधाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता व त्याचे उत्तर निःसंदिग्ध होते. मात्र हत्ती व घोडे ही राजाची युद्धसामग्री होती आणि ग्रंथांचा मोठा भाग त्यांच्यासाठी लिहिला गेला. कुणब्याच्या दावणीचा बैल आजारी पडल्यावर अध्यक्ष येत नसे.

गोठ्यातील वैद्यक

हा बैल सांभाळला तो घरच्या माणसांनी. पोट फुगल्यास हिंग, ओवा, गूळ व गोडे तेल, जखमेस हळद, किडीस कडुनिंब, मुरगळीस बिब्बा किंवा तापल्या लोखंडाचा डाग, असे हे वैद्यक होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी होणाऱ्या खांदेमळणीत बैलाच्या जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यास हळद व तूप चोळले जाते. तिचा विधी धार्मिक असला तरी आशय उपचाराचा आहे.

औषध पाजण्याचे कसबही या परंपरेत होते. तिरकस कापलेले बांबूचे नळकांडे जबड्याच्या कडेने, दात नसलेल्या जागेतून आत घालावयाचे, घोट गिळला जाईपर्यंत थांबावयाचे व मगच पुढचा घोट द्यावयाचा. मान फार उंच केली किंवा जीभ बाहेर ओढून धरली तर औषध श्वासनलिकेत जाते, जनावरास ठसका लागतो व पुढे फुफ्फुसदाह होऊन ते दगावते. हे ज्ञान कोणत्याही पोथीत न शोधता मुलगा बापाच्या शेजारी उभा राहून शिकत असे.

या वैद्यकाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. डाग देण्याने जनावरास अकारण यातना होत, आणि बुळकांडी, घटसर्प, फऱ्या यांसारख्या साथींपुढे गोठ्यातील औषध सर्वस्वी हतबल होते. परंतु त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. हिंग-ओव्याचे प्रमाण थोडे चुकले तरी हानी मर्यादित राही आणि जी होई ती त्याच दावणीत होई.

वसाहतकालीन संस्था आणि साथींचे नियंत्रण

इंग्रजी अमदानीत पशुवैद्यक संस्थाबद्ध झाले. त्यामागील पहिली प्रेरणा लष्करी घोड्यांची होती. बुळकांडीच्या साथींमुळे सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये सादर झाला. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले व त्याच परिसरात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा तो आरंभ होय.

या संस्थांचे खरे सामर्थ्य लसीकरणात दिसून आले. भारतात बुळकांडीचा शेवटचा प्रादुर्भाव १९९५ मध्ये झाला, २००६ मध्ये देश या रोगापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. हे यश ज्या उपचारामुळे मिळाले तो शासकीय यंत्रणेच्या हाती होता. लस कोणी, केव्हा व किती द्यावयाची हे ठरलेले होते. दैनंदिन आजारातील औषध मात्र पूर्वीप्रमाणेच मालकाच्या हाती राहिले. बदलले ते औषधाचे स्वरूप.

डायक्लोफिनॅक : एका स्वस्त औषधाचा इतिहास

स्वातंत्र्यानंतर औषधनिर्मितीचा उद्योग विस्तारला आणि नळकांड्याची जागा बाटली, गोळी व सुई यांनी घेतली. माणसांच्या सांधेदुखीवर वापरले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक १९९० च्या दशकात जनावरांसाठीही प्रचारात आले. ते स्वस्त होते, तत्काळ गुण देत होते आणि दुकानात सहज मिळत होते. लंगडणाऱ्या बैलास किंवा कास सुजलेल्या म्हशीस ते टोचण्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. उलट मुक्या जनावराची वेदना कमी करण्याचीच इच्छा होती.

याच काळात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे मोठ्या संख्येने मरत असल्याचे निदर्शनास आले. कारण अनेक वर्षे उमगले नाही. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून ते उघड झाले. औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. मेलेल्या जनावरांपैकी १ टक्क्याहूनही कमी जनावरांत औषधाचा घातक अंश असला तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे गणिताने दिसून आले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईच्या पारशी समाजास दोखम्यांतील परंपरागत अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली, हा या ऱ्हासाचा एक सामाजिक परिणाम होय.

भारत सरकारने २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना निर्धोक पर्याय उपलब्ध झाला. परंतु माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे हे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. कायदा औषधामागून औषधाचा पाठलाग करीत राहिला. कारण त्याचे नियंत्रण निर्माता व विक्रेता यांच्यापर्यंत पोहोचते, गोठ्यातील हातापर्यंत नाही.

घरातील गोळी

शहरी घरांतील कुत्री व मांजरे यांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. येथे जनावर उत्पन्नाचे साधन नसून कुटुंबाचा घटक असते आणि त्यामुळेच घरच्या माणसांचे औषध त्यास देण्याचा मोह होतो. पॅरासिटॅमॉल हे याचे ठळक उदाहरण आहे. हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकणारी जी रासायनिक प्रक्रिया माणसाच्या यकृतात होते, ती मांजरात अत्यंत अपुरी असते. परिणामी त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते आणि एखादी गोळीही प्राणघातक ठरते. कुत्र्यांच्या अंगावरील गोचिडांसाठी वापरले जाणारे परमेथ्रिनचे तीव्र द्रावण मांजरास लावल्यास झटके येऊन ते मरू शकते. औषध योग्य असूनही पद्धत चुकल्यास अपाय होतो. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण पडतो व पुढे नलिका आकुंचित होते. म्हणून गोळीमागोमाग थोडे पाणी किंवा पातळ अन्न देणे आवश्यक असते. नळकांड्याने ढोस पाजणारा शेतकरी घोटाघोटाला का थांबत असे, याचे स्मरण येथे होते.

कायद्याची चौकट आणि तिची मर्यादा

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुवैद्यकाचा व्यवसाय कोणी करावा हे निश्चित केले. औषधविषयक नियमांनुसार जनावरांच्या औषधावर तशी स्पष्ट नोंद असावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ज्यांचे दूध, अंडी वा मांस माणसे खातात अशा जनावरांच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस हे पदार्थ वापरू नयेत याचा उल्लेख आवश्यक ठरला. तसा कालावधी निश्चित केलेला नसल्यास दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस अशी तरतूद आहे. ही तरतूद मोलाची आहे. परंतु ज्या गोठ्यातील रोजचे दूध डेअरीत घातल्याशिवाय घरखर्च चालत नाही, तेथे सात दिवसांचे दूध ओतून देण्याची अपेक्षा केवळ वेष्टनावरील बारीक अक्षरांच्या बळावर पूर्ण होणार नाही. त्या वेष्टनावरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, हीही वस्तुस्थिती आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, घरगुती पशूपचारात औषध देणारा हात फारसा बदलला नाही, पण त्या हातातील द्रव्याची शक्ती मात्र पूर्णतः बदलली. हिंगाचा ढोस चुकला तर एका दावणीपुरता प्रश्न होता. आज एका सुईचा परिणाम दुधातून ग्राहकापर्यंत आणि मृतदेहातून आकाशातील पक्ष्यापर्यंत जातो. प्रतिजैविकांचा अर्धवट वापर झाल्यास औषधांना दाद न देणारे जंतूही त्याच गोठ्यात वाढतात.

कौटिल्याने दंड वैद्यास सांगितला, कारण औषध वैद्याच्या हाती होते. आज ते गृहिणीच्या, शेतकऱ्याच्या, विद्यार्थ्याच्या हाती आहे. त्यांना दंड करणे न्याय्यही नव्हे व शक्यही नाही. जो हात शिक्षापात्र ठरविता येत नाही तो शिक्षित करणे हाच मार्ग उरतो. औषधाचे नाव, जनावराच्या वजनानुसार मात्रा, देण्याची पद्धत आणि दूध वर्ज्य करण्याचे दिवस यांची मराठीतील चिठ्ठी प्रत्येक औषधासोबत मिळणे, तसेच ग्रामीण महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत या विषयास स्थान मिळणे, हे उपाय अल्पखर्चिक व साध्य आहेत. पूर्वी हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे. ती साखळी तुटली असेल, तर ती जोडण्याचे दायित्व आज शिक्षणसंस्थांकडे येते.